डी अँड डीसाठी स्वतःच्या जगाचा नकाशा संगणकावर कसा बनवावा? कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार मित्रांना घेऊन डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा टेबलावर बसून गोष्ट रचत खेळायचा खेळ सुरू करताय, डीएम म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर तुम्हीच, जग स्वतः रचायचंय, चित्रकला अजिबात येत नाही आणि सॉफ्टवेअरची नावं वाचून काही सुचेनासं झालंय. मी बरीच वर्षं डीएम म्हणून बसतो आणि नकाशे हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, तेव्हा उत्तर जरा लांबणार आहे.

सॉफ्टवेअरचं आधी उरकतो. इंकार्नेट ब्राउझरमध्येच चालतं. फुकट आवृत्तीत डोंगर, झाडं, घरं यांची चित्रं मोजकीच मिळतात, पण पहिल्या नकाशाला तेवढी पुरतात. वंडरड्राफ्ट संगणकावर उतरवून घ्यायचं, साधारण ३० डॉलर एकदाच भरायचे, मग इंटरनेट नसलं तरी चालतं. जुन्या, हाताने काढलेल्या नकाशासारखं रूप हवं असेल तर माझी पसंती यालाच. ते बनवणाऱ्यांचंच डंजनड्राफ्ट आहे, ते खोल्या, भुयारं आणि लढाईच्या बॅटलमॅपसाठी. कॅम्पेन कार्टोग्राफर यातलं सगळ्यात जुनं, १९९३ पासूनचं. त्याचा पाया कॅडचा, म्हणजे अभियांत्रिकी आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरचा आहे, त्यामुळे ज्यांनी ऑटोकॅडवर काम केलंय त्यांना ते आवडतं. इतरांनी त्याने सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आझगारचा फॅन्टसी मॅप जनरेटर पूर्ण फुकट आहे, उघडला की डोंगर, नद्या, राज्यं, धर्म, सीमा सगळं तयार समोर येतं. शहराचा आराखडा हवा असेल तर वाटाबूचा मध्ययुगीन शहरांचा जनरेटर तसाच, फुकट आणि झटपट.

तुमच्यासाठी माझं उत्तर: आत्ता इंकार्नेटची फुकट आवृत्ती. खेळ टिकला, मित्र नियमित यायला लागले, की वंडरड्राफ्ट घ्या.

आता खरा मुद्दा. अख्खं जग काढायला बसू नका. नकाशाचं काम एकच, खेळाडूंसमोर "आता कुठल्या वाटेने जायचं?" हा प्रश्न ठेवणं. पाच खंडांच्या नकाशातून तो प्रश्न कधीच उभा राहत नाही, कारण पहिले कित्येक महिने खेळाडू एका गावाच्या आसपासच असतात. पाचव्या आवृत्तीच्या नियमांत सामान्य चालीने दिवसाला २४ मैल होतात. सहा मैलांचा हेक्स, म्हणजे नकाशावरच्या जाळीचं षटकोनी घर, धरला तर दिवसाला चार हेक्स. सुरुवातीचं गाव मध्यभागी ठेवून चारी बाजूंना तीन-तीन दिवसांची चाल घ्या, म्हणजे साधारण २४ बाय २४ हेक्सचा प्रदेश झाला. एवढ्यात भरपूर खेळ होतो. पलीकडचं जग नावापुरतं असू द्या. कुणी तिकडून आलेला व्यापारी भेटला, की त्याच्या तोंडून कळेल.

काढताना क्रम पाळा: आधी डोंगर, मग पाणी, मग झाडी, मग वाटा, मग गावं, आणि राज्यांच्या सीमा अगदी शेवटी. नवखे लोक हा क्रम उलटा करतात. आधी सुंदर नावाची राजधानी कुठेतरी ठेवतात आणि मग तिच्याजवळून नदी न्यायची म्हणून नदीला चढावर चढवतात. नद्या उताराने वाहतात आणि एकमेकींना मिळत जातात. समुद्राजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर त्यांना सहसा फाटे फुटत नाहीत. तळ्यात कितीही प्रवाह आत येऊ देत, बाहेर बहुतेक एकच पडतो. एका समुद्रातून निघून दुसऱ्या समुद्राला मिळणारी नदी असत नाही. फॅन्टसी नकाशांत मात्र ती वारंवार दिसते.

याचा सगळ्यात चांगला धडा आपल्या सह्याद्रीत आहे. कृष्णा आणि सावित्री दोघींचा उगम महाबळेश्वरच्या माथ्यावरचा. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून लगेच अरबी समुद्र गाठते. कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. पाणी कुठल्या बाजूला पडलं, एवढ्यावर सगळं ठरलं. पावसाचंही तसंच. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास. ढग डोंगरावर चढताना रिकामे होतात आणि मागची बाजू पर्जन्यछायेत कोरडी राहते. तुमच्या जगात वारा कुठून येतो ते ठरवा, डोंगराच्या त्या बाजूला घनदाट रान आणि भातखाचरं द्या, पलीकडे माळ आणि मेंढपाळ. सॉफ्टवेअरमध्ये हे झाडांचा ब्रश एका बाजूला फिरवून दुसरीकडे न फिरवण्याइतकं सोपं आहे. पण कथेच्या दृष्टीने त्यातून दोन वेगळे समाज तयार होतात. एकाकडे मीठ आणि मासे, दुसऱ्याकडे लोकर आणि धान्य, आणि मध्ये डोंगर.

मग आपोआप खिंड महत्त्वाची होते. नाणेघाट पाहिला असेल तर लगेच लक्षात येईल. कोकणातून जुन्नरला चढणारी ती वाट सातवाहनांच्या काळात इतकी चालती होती, की त्यांनी तिथल्या लेण्यात आपले लेख कोरून ठेवले. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता असं सांगतात. खिंड, जकात, पहारा आणि माथ्यापलीकडे बाजारपेठ, एवढ्यावर तुमचं पहिलं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग कथा, उभं राहू शकतं.

माझ्या टेबलावर अगदी हेच ठेवलंय. दक्षिणोत्तर एक धार आणि ती ओलांडायला दोनच वाटा. पहिली रुंद, बैलांचे तांडे जातात, पण माथ्यावर सरदाराचं ठाणं आणि प्रत्येक हत्याराची नोंद. दुसरी म्हणजे अरुंद नाळ, पहारा नाही, पण पावसाळ्यात तिच्यातून ओढा कोसळतो. एक दिवस वाचवण्यासाठी नाव लपवून ठाण्यावरून जायचं, की दोरखंड घेऊन नाळेतून, यावर खेळाडूंचा मनसोक्त वाद झाला. मी काहीच बोललो नाही, नकाशा समोर होता.

डोंगर काढण्याबद्दल एक गोष्ट बारकाईने सांगतो, कारण नकाशा कच्चा वाटतो तो इथेच. डोंगराची चिन्हं एका ओळीत, एकाच मापात ठेवली की ते कुंपण दिसतं. आधी मुख्य धारेची एक वाकडीतिकडी रेघ मनाशी धरा, तिच्यावर मोठी शिखरं ठेवा. मग तिच्यातून दोन्ही बाजूंना सोंडा उतरवा, खाली येताना चिन्हं लहान आणि विरळ करत. दोन सोंडांच्या मधली बेचकी ही तुमची दरी, नदी तिथूनच काढायची. ट्रेक करत असाल तर धार, सोंड, नाळ, खिंड, पठार, माची हे शब्द डोक्यात असतीलच. नकाशावर ते तसेच वापरा. खेळाडूंना "नॉर्थ पास"पेक्षा "वाघनाळ" पटकन लक्षात राहते.

हात अगदीच चालत नसेल तर खरी जमीन उसनी घ्या. नासाच्या अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने पृथ्वीची उंची मोजली, एसआरटीएम म्हणतात ती माहिती सगळ्यांना फुकट मिळते. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हवा तो तुकडा उघडा, उंच भाग पांढरा आणि सखल भाग काळा असं करड्या रंगाचं चित्र करून घ्या. ते चित्र आरशासारखं उलटं करा, ९० अंशांत फिरवा, आणि आझगारच्या इमेज कन्व्हर्टरमध्ये टाका. तिथे उंचीची पट्टी ० ते १०० अशी असते आणि २० च्या खाली पाणी धरलं जातं. ती पातळी हलवून किनारा हवा तसा आत-बाहेर करता येतो. नद्या तो स्वतः उताराप्रमाणे काढून देतो. उलटवलेलं कोयनेचं खोरं कुणाच्याही ओळखीला येत नाही, पण बघणाऱ्याला ते खरं वाटतं.

आता मराठीतून नावं लिहिणार असाल तर हे नक्की वाचा, इंग्रजी ट्युटोरियलमध्ये मिळणार नाही. तिथे हमखास सांगतात, की डोंगररांगेचं किंवा राज्याचं नाव अक्षरांमध्ये अंतर टाकून लांबवर पसरवा. देवनागरीत असं करू नका. अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाऐवजी सुटी अक्षरं विखुरलेली दिसतात. त्याऐवजी नाव मोठ्या टायपात घ्या, रांगेच्या वळणावर बसवा, आणि दोन शब्दांमधलं अंतर खुशाल वाढवा. दुसरी अडचण अशी, की काही नकाशा-सॉफ्टवेअरांत जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते. "किल्ला" आणि "क्षितिज" टाइप करून बघा, लगेच कळेल. फुटत असतील तर नकाशा नावांशिवाय निर्यात करा आणि नावं इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. तिथे देवनागरी नीट दिसते. आधी वळणाची रेघ काढायची, मजकूर आणि रेघ दोन्ही निवडायचे आणि टेक्स्ट मेनूतली 'पुट ऑन पाथ' आज्ञा द्यायची. फॉन्टपैकी मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून प्रेरणा घेतलेला 'यात्रा वन' गावांच्या नावांना छान दिसतो, आणि जुन्या जैन हस्तलिखितांच्या वळणाचा 'जैनी' राज्यांच्या नावांना. दोन्ही फुकट आहेत.

प्रदेशाचा नकाशा झाला की लढाईच्या जागांचे बॅटलमॅप लागतील. ते सगळे आधीपासून करून ठेवू नका, पुढच्या सेशनला लागतील तेवढेच करा. नियमाने एक चौकोन म्हणजे पाच फूट. इथे किल्ल्यांकडून एक गोष्ट जरूर घ्या, गोमुखी दरवाजा. रायगडाच्या महादरवाज्यासारखे दोन बुरूज पुढे येऊन वाट वळवतात, त्यामुळे दार लांबून दिसतच नाही. डंजनड्राफ्टमध्ये भिंती आणि दारं काढून युनिव्हर्सल व्हीटीटी (व्हीटीटी म्हणजे संगणकावरचं खेळाचं टेबल) या प्रकारात निर्यात केलं, तर चित्रासोबत भिंतींची माहितीही जाते. फाउंड्री या अशाच एका टेबलात ती मॉड्यूलने (वरून जोडायच्या पुरवणीने) आत घेता येते, मग टोकन, म्हणजे पात्राची सोंगटी, बुरुजाला वळसा घालेपर्यंत खेळाडूंना पुढचं दार अंधारातच राहतं. बुरुजावर दोन धनुर्धारी ठेवा, बाकी काही करावं लागत नाही. फाउंड्रीचा परवाना फक्त डीएमने घ्यायचा असतो, हेही लक्षात असू द्या. ते जड वाटलं तर आऊलबेअर रोडिओ या सोप्या ऑनलाइन टेबलावर साधं चित्र चढवूनही छान खेळता येतं.

पिक्सेलचा हिशोब निर्यातीआधीच करा. रोल ट्वेंटी या ऑनलाइन टेबलामध्ये एक चौकोन मुळात ७० पिक्सेलचा असतो. तुमचा नकाशा ३० बाय २० चौकोनांचा असेल तर चित्र २१०० बाय १४०० हवं, किंवा मोठं करून बघताना धूसर होऊ नये म्हणून दुप्पट, ४२०० बाय २८००. हा गुणाकार जुळला की पानाचं माप ३० बाय २० देऊन चित्र कडेपर्यंत ताणायचं, जाळी बरोबर बसते. जुळला नाही तर प्रत्येक टोकन अर्धं भिंतीत उभं राहतं.

सगळे एकाच टेबलाभोवती बसणार असाल तर छापा. मिनीसाठी, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्तींसाठी, चौकोन एक इंचाचा लागतो. समास सोडून एका ए-थ्री कागदावर आडवे १५ आणि उभे १० चौकोन बसतात, म्हणजे तोच ३० बाय २० चा नकाशा चार कागदांत होतो. झेरॉक्सच्या दुकानात "फिट टू पेज नको, अॅक्च्युअल साइज द्या" असं बजावून सांगा आणि पहिल्या कागदावरचा चौकोन पट्टीने मोजूनच पुढचे काढायला सांगा. आणि प्रदेशाच्या नकाशाच्या दोन प्रती ठेवा: एक तुमची, चोरवाटा आणि गुहांसकट. दुसरी खेळाडूंची, जिच्यावर त्यांना ठाऊक असलेलीच गावं आहेत आणि मधली जागा कोरी आहे. ती त्यांच्याच पेन्सिलीने भरू द्या.