न्यूयॉर्कच्या प्रयोगजीवी कलांच्या ग्रंथालयात एका दिवसात काय पाहता येईल?

आपण मुलीकडे न्यू जर्सीला जाणार आहात, न्यूयॉर्कसाठी एकच मोकळा दिवस हाती आहे, आणि लिंकन सेंटर या कलासंकुलातील प्रयोगजीवी कलांचे (म्हणजे नाटक, संगीत, नृत्य यांचे) ग्रंथालय एका हौशी रंगकर्मीला पाहता येते का, असे आपण विचारले आहे. मी सोलापूरचा. राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने बरीच वर्षे पडद्यामागची कामे केली, आणि मुलाकडे मुक्कामाला असताना या ग्रंथालयात तीनदा जाऊन आलो. त्या अनुभवावरून लिहितो.

ग्रंथालय निश्चित पाहता येते, आणि प्रवेश विनामूल्य आहे. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाची ही शाखा १९६५ पासून मेट्रोपॉलिटन ऑपेरा या संगीतनाट्य संस्थेच्या इमारतीला लागूनच उभी आहे. न्यू जर्सीहून रेल्वेने पेन स्टेशनला उतरावे आणि १ क्रमांकाची सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे, पकडून ६६व्या स्ट्रीटच्या स्थानकावर जावे.

माझा पहिला दिवस वाया गेला आणि त्यात चूक सर्वस्वी माझी होती. गावातल्या वाचनालयात जाऊन कपाटे चाळावीत, तसा मी तिथे गेलो. खालच्या मजल्यांवरची पुस्तके तशी हाताळता येतात. परंतु खरा खजिना तिसऱ्या मजल्यावरच्या संशोधन विभागात आहे (तिकडे तळमजल्यालाच पहिला म्हणतात, म्हणजे आपला हा दुसरा), आणि तिथली वस्तू सूचीत शोधून, मागणी नोंदवून, त्याच दालनात बसून पाहायची असते. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की, ‘ग्रंथालय पाहायला’ जाऊ नका. घरून एक नाव ठरवून निघा, संकेतस्थळावरच्या सूचीत ते शोधा आणि वस्तू आगाऊ मागवा. दुर्मीळ कागदपत्रांसाठी तर आधी वेळ ठरवूनच घ्यावी.

आपण नाटकवाले असल्यामुळे नाट्यविभागातील चित्रफितींचा संग्रह पहिल्यांदा सुचेल. बेटी कॉर्विन या बाईंनी १९७० मध्ये तो सुरू केला. ब्रॉडवेसारख्या व्यावसायिक रंगभूमीवरील प्रयोग प्रेक्षकांसमोर चालू असतानाच चित्रित करून इथे ठेवले जातात. कलावंत आणि तंत्रज्ञ यांच्या संघटनांनी या चित्रीकरणाला संमती दिली ती अभ्यासापुरतीच, त्यामुळे या फिती बाहेर कुठेही मिळत नाहीत. ग्रंथालयाचे कार्ड काढून, वेळ ठरवून, तिथेच पाहाव्या लागतात. एक नाटक पाहण्यातच अर्धा दिवस जातो, हे मात्र लक्षात घ्या. माझ्यासारख्या पडद्यामागच्या माणसाला त्याहून अधिक गोडी रंगावृत्त्यांची, म्हणजे प्रयोगासाठी खुणा केलेल्या संहितांची, वाटली, कारण प्रवेश, प्रकाशबदल आणि हालचाली यांच्या खुणांनी भरलेली पाने पाहून प्रयोग डोळ्यांपुढे उभा राहतो.

तरीही मला एकच गोष्ट निवडायला सांगितली, तर मी ध्वनिमुद्रणांच्या विभागातील मेपलसन सिलिंडर निवडीन. लायनेल मेपलसन हे मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल होते. त्यांनी एडिसनचा फोनोग्राफ, म्हणजे ध्वनिमुद्रणाचे यंत्र, आधी गायकांना शब्द सुचवणाऱ्या प्रॉम्प्टरच्या खोक्यात आणि नंतर रंगमंचावरच्या उंच मचाणावर बसवून, १९०१ ते १९०३ या काळात, चालू प्रयोगातील गाणे मेणाच्या नळकांड्यांवर उतरवले. प्रत्येक नळकांड्यावर जेमतेम दोन मिनिटे मावतात. १९८५ मध्ये ग्रंथालयाने या मुद्रणांच्या तबकड्यांचा संच काढला. कानाला हेडफोन लावल्यावर प्रथम केवळ खरखर ऐकू येते, एखादे वाळूचे चाळण हलवावे तशी. मग तिच्या पलीकडून एक आवाज वर येतो. ज्याँ दे रेश्के या त्या काळातील विख्यात गायकाचा आवाज आज शिल्लक आहे तो या नळकांड्यांवरच. गायिका गौहरजान यांचे कलकत्त्यातील पहिले ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२चे, म्हणजे याच सुमाराचे. पण ते तबकडीसाठी मुद्दाम गायलेले होते, आणि हे प्रेक्षकांसमोरचे. ऐकताना मला आमचे सोलापूरचे शाहीर राम जोशी आठवले. त्यांच्या लावण्या कागदावर आहेत, पण पेशवाईतल्या फडावर त्या कशा वाजत असतील, हे सांगणारी दोन मिनिटेही आपल्यापाशी नाहीत.

नृत्यविभागात भारतीय नाव घेऊन जायचे असेल तर नर्तक उदयशंकर यांचे घ्या. १९३२ च्या अखेरीस त्यांचा संच न्यूयॉर्कला आला होता, आणि अमेरिकन समीक्षकांनी त्या वेळी काय पाहिले, हे कात्रणांतून वाचणे फार रंजक ठरते. खालच्या दालनांतील प्रदर्शने वेळ उरला तर पाहावीत.

बरोबर ओळखपत्र म्हणून पासपोर्ट ठेवा. मूळ कागदपत्रांपाशी शाईचे पेन चालत नाही, म्हणून पेन्सिल घ्या. उघडण्याची वेळ आणि सुट्टीचे वार संकेतस्थळावर आदल्या रात्री पाहून मगच निघा.