प्रिंट केलेल्या किडनीसाठी थांबावं का? थांबू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ ३८ वर्षांचा, दोन्ही किडन्या जवळपास गेलेल्या, डॉक्टर ट्रान्सप्लांट करा म्हणतायत, आई द्यायला तयार आहे, तिचं जुळतंयही, पण भाऊ अडून बसलाय की पाच वर्षांत थ्रीडी प्रिंटरवर किडनी बनणारच आहे, तोवर डायलिसिसवर काढतो, आईला कशाला कापायचं. मी टिश्यू इंजिनीअरिंगच्या, म्हणजे शरीराचे भाग लॅबमध्ये वाढवण्याच्या, लॅबमध्ये ११ वर्षं काम केलंय, त्यातली बरीचशी बायोप्रिंटरसमोर (जिवंत पेशी थराथराने छापणारा थ्रीडी प्रिंटर) गेली. या कामावर माझा मनापासून विश्वास आहे, आणि तरीही सांगते, थांबू नका.

त्याने तो २०११ चा व्हिडिओ पाहिला असणार. अँथनी अटाला नावाचे सर्जन स्टेजवर हातात किडनीच्या आकाराची गुलाबी वस्तू धरतात, आणि नंतर एक तरुण येतो ज्याला लॅबमध्ये तयार केलेला अवयव बसवलेला असतो. बघणाऱ्याला वाटतं की या मुलाला हीच किडनी बसवली. तसं नाहीये. त्याला १० वर्षं आधी बसवलं होतं ते मूत्राशय, आणि ते प्रिंट केलेलंच नव्हतं, पेशंटच्याच पेशी वाढवून साच्यावर हाताने थर लावून बनवायचे (अशा ७ पेशंटचा अहवाल २००६ मध्ये छापून आला, खरंच मोठं काम होतं). हातातली किडनी मात्र नुसता आकार होता, लघवी तयार करणारी नव्हती.

मग मूत्राशय जमलं आणि किडनी का नाही? मूत्राशय म्हणजे पिशवी, भिंत पातळ, आजूबाजूच्या रक्तवाहिन्या हळूहळू तिच्यात शिरतात. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी रक्ताच्या केशवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या आत असावी लागते, म्हणजे केसाच्या जाडीच्या एक-दोन पट, त्याहून लांब गेली की ऑक्सिजन पोचत नाही आणि ती मरते. एका किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन (रक्त गाळणाऱ्या बारीक नळ्या), प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुंता, दोन्ही किडन्या मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात आणि त्यातला जवळपास सगळा परत रक्तात ओढून घेतात, उरते ती दीड-दोन लिटर लघवी. केशवाहिनी ५ ते १० मायक्रॉनची असते आणि आमचं नेहमीचं नॉझल, म्हणजे प्रिंटरची पेशी सोडणारी तोटी, असते २०० मायक्रॉनच्या पुढे. नॉझल बारीक केलं तर दाब वाढवावा लागतो आणि पेशी त्यातून जाताना फाटतात. मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं, बारीक नॉझल लावून इतकी सुंदर जाळी निघाली की आम्ही सगळ्यांना बोलावून दाखवली, दुसऱ्या दिवशी जिवंत पेशी हिरव्या आणि मेलेल्या लाल दिसतील असा रंग टाकून मायक्रोस्कोपखाली बघितलं तर जवळपास सगळं लाल. त्या दिवशी कळलं की आकार काढणं हा या कामातला सोपा भाग आहे.

पेशींचं वेगळंच. २००६ मध्ये यामानाका या जपानी शास्त्रज्ञांनी साध्या पेशीला पुन्हा स्टेम सेलसारखं (जिच्यापासून कुठलीही पेशी बनू शकते अशी) करून दाखवलं, त्यामुळे पेशंटच्याच पेशींपासून किडनीच्या पेशी बनवता येतात, पण त्या गर्भातल्या बाळाच्या किडनीइतक्याच कच्च्या राहतात, आणि प्रिंट काही तासांत झाला तरी पुढे त्या जिवंत ठेवून पिकवायला आठवडे लागतात.

प्रगती होत नाहीये असं अजिबात नाही. २०१९ मध्ये तेल अवीवच्या टीमने पेशंटच्या पेशींपासून चेरीएवढं हृदय छापलं, पेशी आकुंचन पावत होत्या पण सगळ्या मिळून रक्त ढकलत नव्हत्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीच्या गटाने खाण्याचा पिवळा रंग वापरून जेलमध्ये फुप्फुसातल्यासारखी हवेची पिशवी आणि तिच्याभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं बनवलं, ते मला आजही सगळ्यात हुशारीचं वाटतं, कारण त्यांनी नेमका रक्ताचाच प्रश्न हातात घेतला. २०२२ मध्ये पेशंटच्या स्वतःच्या कूर्चेच्या (कानातलं मऊ हाड) पेशींपासून छापलेला कान बसवला, २०२३ मध्ये सोलमध्ये छापलेली श्वासनलिका बसवली. कान आणि श्वासनलिकाच का, तर कूर्चेत रक्तवाहिन्या नसतातच. त्वचा आणि कॉर्निया (डोळ्याचा पारदर्शक पडदा) हेही पुढे आहेत, पातळ असतात म्हणून. किडनी, लिव्हर, हृदय या रांगेत मागे आहेत.

आणि हे पाच वर्षांचं कुठून आलं असेल ते सांगते, माझा अंदाज आहे हं. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या टीमला अमेरिकन सरकारकडून २ कोटी ६३ लाख डॉलर मिळाले, ध्येय होतं पाच वर्षांत छापलेलं हृदय डुकरात बसवून बघायचं. डुकरात! त्यानंतर माणसांवरच्या चाचण्या, मग कित्येक वर्षं त्या पेशंटकडे लक्ष ठेवणं, मग परवानगी.

भावाची इच्छा चुकीची नाहीये. १९५४ मध्ये बॉस्टनला पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, शरीराने परकी म्हणून नाकारलीच नाही. बाकीच्यांना शरीराने किडनी नाकारू नये म्हणून गोळ्या घ्याव्या लागतात. बायोप्रिंटिंगमधून आम्हाला प्रत्येक पेशंटला तसा जुळा भाऊ द्यायचाय, त्याच्याच पेशींचा, आणि कोणाच्या आईला टेबलावर झोपावं लागू नये म्हणूनच आम्ही हे करतो.

पण हिशेब असा आहे की डायलिसिसवर जितकी वर्षं जातात तितका नंतरच्या ट्रान्सप्लांटचा निकाल खालावत जातो, हृदय आणि रक्तवाहिन्यांवर त्याचा मार बसतो. जिवंत दात्याची किडनी सरासरी १५ ते २० वर्षं चालते. म्हणजे आईची किडनी आत्ता घेतली तर तो पन्नाशीच्या पुढे जाईल, आणि दुसरी लागायची वेळ येईल तेव्हा कदाचित छापलेली किडनी उपलब्ध असेल. त्याला ज्या किडनीची वाट बघायचीये, तिच्यापर्यंत पोचायला आईचीच किडनी लागणार आहे. त्याला हे असंच सांगून बघा.

आईची काळजी रास्त आहे. ऑपरेशन म्हटलं की धोका शून्य नसतो, पण दात्याची तपासणी खूप कडक असते, थोडी शंका आली तरी डॉक्टर नाही म्हणतात, आणि उरलेली किडनी थोडी वाढून बरंचसं काम उचलते. तिचं वय, बीपी, शुगर हे सगळं समोरासमोर विचारा, भावाला त्या खोलीत बसवा, त्याला आईच्या तोंडून ऐकू दे की तिला द्यायचीच आहे.

तुम्ही लिहिलंय की डायलिसिस अजून सुरू झालेलं नाही, फिस्ट्युलाची (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडण्याचं छोटं ऑपरेशन) तारीख पुढच्या महिन्यात आहे. मग त्याआधीच्या भेटीत डॉक्टरांना विचारा की डायलिसिस सुरूच न करता थेट ट्रान्सप्लांट जमेल का. काही पेशंटमध्ये जमतं आणि निकालही चांगले येतात, पण आईच्या उरलेल्या टेस्ट वेळेत व्हायला हव्यात, म्हणून त्या याच आठवड्यात लावून घ्या.