निक्केई: शेअर बाजारातलं की ताटातलं?

लंडनला राहणाऱ्या एका वाचकांनी तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतला आहे. त्यातलं एक वाक्य त्यांनी पाठवलं: ‘आम्ही एका अपस्केल जॅपनीज-पेरूव्हियन फ्यूजन रेस्टॉरंटमध्ये डाइन केलं.’ हे वाक्य त्यांना स्वतःलाच खटकतं आहे. ते विचारतात, याचं सरळ मराठी कसं करायचं? ‘फ्यूजन’ला शब्द काय? आणि त्या हॉटेलच्या मेनूकार्डावर मोठ्या अक्षरांत ‘निक्केई’ छापलं होतं, ते शेअर बाजाराच्या बातम्यांमधलं निक्केईच का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातूनच निघतात.

हे दोन शब्द वेगळे आहेत. कानाला एकच वाटतात, पण जपानी लिपीत वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिले जातात. पहिलं अक्षर दोन्हीकडे ‘नि’चं, म्हणजे सूर्याचं, ‘निहोन’ म्हणजे जपान या नावातलं हेच पहिलं अक्षर. फरक आहे तो ‘केई’मध्ये. शेअर बाजारातलं निक्केई हे ‘निहोन केइझाइ शिंबुन’ या वर्तमानपत्राच्या नावाचं लघुरूप आहे. केइझाइ म्हणजे अर्थव्यवस्था. टोकियोच्या बाजारातल्या २२५ कंपन्यांचा निर्देशांक या वर्तमानपत्राच्या नावाने ओळखला जातो, म्हणून आपल्या बातम्यांत ‘निक्केई वधारला’, ‘निक्केई गडगडला’ असं येतं.

मेनूकार्डावरच्या निक्केईतलं ‘केई’ म्हणजे वंश, परंपरा. ‘निक्केई’ म्हणजे जपानी वंशाचे; जपान सोडून परमुलखात स्थायिक झालेली माणसं आणि त्यांची मुलंनातवंडं. मला यातली एक गोष्ट फार आवडते. या दोन्ही ‘केई’ अक्षरांच्या घडणीत धाग्याचं चिन्ह आहे. वंशवाल्या अक्षरात ओवत गेलेल्या धाग्याची कल्पना आहे. अर्थव्यवस्थेच्या अक्षराचा मूळ अर्थ मागावरचा ताणा असा आहे, आणि बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत नेणाऱ्यांनी ‘सूत्र’ या शब्दासाठी तेच अक्षर निवडलं. आपणही ‘वंशतंतू’ म्हणतो आणि ‘अर्थकारणाची सूत्रं’ म्हणतो. जपानी अक्षर न वाचताही मराठी माणसाला ही कल्पना लगेच उमगावी.

म्हणजे ‘निक्केई’ हे आधी माणसांचं नाव आहे, पदार्थांचं नंतर. प्रश्नकर्त्यांनी लेखात निदान एवढं तरी आणावं असं मला मनापासून वाटतं.

ही माणसं कोण? ३ एप्रिल १८९९ रोजी ‘साकुरा मारू’ नावाचं जहाज लिमाजवळच्या काय्याओ बंदराला लागलं. त्यात ७९० जपानी पुरुष होते. पेरूच्या किनारपट्टीवरच्या उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांवर चार वर्षांच्या कराराने त्यांना आणलं होतं. आपल्याकडचे गिरमिटिये, म्हणजे कराराने परदेशी मळ्यांवर गेलेले मजूर, ज्या वाटेने गेले तीच ही वाट. मळ्यांवरच्या कामाने आणि रोगराईने अनेकजण गेले. जे टिकले त्यांच्यातले पुष्कळसे करार संपल्यावर लिमा आणि काय्याओला आले. कोणी केशकर्तनालय काढलं, कोणी किराणा दुकान, कोणी साधी खानावळ. या खानावळींत मिळायचं ते पेरूचंच जेवण. रांधणारे हात तेवढे जपानी होते.

पुढचा इतिहास सोपा नव्हता. १९४० मध्ये लिमात जपानी वस्तीवर आणि दुकानांवर हल्ले झाले, लूट झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेरूमधल्या सुमारे १,८०० जपानी वंशाच्या लोकांना उचलून अमेरिकेतल्या छावण्यांत नेऊन ठेवलं. आणि त्याच समाजातले आल्बेर्तो फुजिमोरी १९९० मध्ये त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. उंची हॉटेलातल्या एका मेनूकार्डावरच्या शब्दामागे एवढं सगळं आहे.

या माणसांनी पेरूच्या जेवणात काय आणलं, ते सेविचेवरून कळतं. सेविचे म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेले कच्च्या माशाचे तुकडे, सोबत कांदा, मिरची, मीठ. पूर्वी हे मासे कित्येक तास रसात मुरत ठेवायचे. जपानी आचाऱ्यांना मासा ताजा असेल तर त्याचा मूळ पोत घालवणं पटेना. त्यांच्यामुळे हा वेळ काही मिनिटांवर आला, असं लिमाचे स्वयंपाकी सांगतात. त्याच वळणाचा दुसरा पदार्थ म्हणजे तिरादितो. यात मासा साशिमीसारखा (साशिमी म्हणजे जपानी पद्धतीचे कच्च्या माशाचे काप) पातळ, लांब कापतात, कांदा घालत नाहीत आणि आंबट-तिखट रस अगदी वाढायच्या क्षणी वरून ओततात. काप जपानी, रस पेरूचा. काय्याओच्या रोसिता यिमुरा या निक्केई बाईंनी ऑक्टोपसचे पातळ काप जांभळ्या ऑलिव्हच्या सॉसमध्ये वाढायला सुरुवात केली, आणि ‘पुल्पो आल ओलिवो’ हा पदार्थ आज लिमात सर्रास मिळतो. तो खाणाऱ्या कितीतरी जणांच्या मनात जपानचा विचारही येत नसेल.

आता ‘फ्यूजन’. या शब्दाला मराठीत मिलाफ, संगम, संमिश्र, संकर असे पर्याय सुचवले जातात. ‘संकर’ बियाण्यांसाठी आणि जनावरांसाठी रूढ आहे, जेवणाला नको. ‘संगम’ ऐकला की नद्या आठवतात. ‘मिलाफ’ मला बरा वाटतो. गाण्याबजावण्याच्या संदर्भात तो रुळलेला आहे आणि त्यात दोन्ही बाजूंचा मान राहतो. ‘फ्यूजन’ तसाच ठेवला तरी मी हरकत घेणार नाही, तो शब्द आता मराठीच झाला आहे.

पण या जेवणाला फ्यूजन म्हणायचं का, हा खरा प्रश्न आहे, आणि माझं उत्तर ‘शक्यतो नको’ असं आहे. ‘फ्यूजन’ म्हटलं की एखाद्या आचाऱ्याने ठरवून दोन देश एका ताटलीत आणले असा अर्थ होतो. निक्केई जेवण ठरवून झालेलं नाही. ओळखीचे जिन्नस मिळेनात, मासा होता पण ओळखीचा नव्हता, अशा अडचणींतून ते चार पिढ्या घराघरांत घडत गेलं. गोव्याचं विंदालू पोर्तुगीज ‘विन्या द आल्योश’वरून आलं, म्हणजे वाइन आणि लसणीत मुरवलेलं मांस, गोव्यात वाइनच्या जागी व्हिनेगर आलं आणि वर आपले मसाले आले. त्याला कोणी ‘भारतीय-पोर्तुगीज फ्यूजन’ म्हणत नाही. ते गोव्याच्या ख्रिस्ती घरांतलं जेवण आहे, बस. निक्केईचंही तसंच. पेरूमध्ये या स्वयंपाकाला ‘निक्केई’ हे नाव १९८०च्या दशकात रूढ झालं आणि त्याचं श्रेय रोदोल्फो इनोस्त्रोसा या कवीला देतात. ते खाद्यपदार्थांवरही लिहीत असत. चालत आलेल्या गोष्टीला नाव मागाहून मिळालं.

याला दुसरी बाजूही आहे. नोबुयुकी मात्सुहिसा हे जपानमध्ये जन्मलेले आणि तिथेच तयार झालेले सुशीचे आचारी. ते १९७३ मध्ये लिमाला गेले, तिथल्या मिरच्या, लिंबू, कोथिंबीर त्यांच्या हाताखालून गेली, आणि पुढे १९८७ मध्ये बेव्हर्ली हिल्सला आणि १९९४ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी हॉटेलं काढली. जगभरच्या श्रीमंत शहरांत आज जे जपानी-पेरू धाटणीचं महागडं जेवण मिळतं, त्यावर त्यांची छाप फार मोठी आहे. ते जेवण एका कल्पक माणसाने घडवलेलं आहे; त्याला फ्यूजन म्हणणं रास्तच आहे. लंडनमधलं एखादं हॉटेल तिरादितोवर ट्रफलचं तेल घालत असेल तर तेही फ्यूजनच. उलट लिमाच्या मिराफ्लोरेस भागातलं ‘माइदो’ घ्या. तिथले मित्सुहारू त्सुमुरा लिमातच जन्मलेले निक्केई आहेत, ओसाकात जाऊन शिकून आलेले. गिऱ्हाईक दारातून आत आलं की सगळे कर्मचारी एकसाथ ‘माइदो!’ अशी हाळी देतात. ओसाकाकडचे दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाचं स्वागत याच शब्दाने करतात. २०२५ मध्ये जगातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत माइदो पहिलं आलं. ते अतिशय उंची हॉटेल आहे, ताटलीची मांडणी चित्रासारखी असते, तरी त्या जेवणाला फ्यूजन म्हणावंसं मला वाटत नाही.

आत्ता मी ‘उंची’ म्हटलं. ‘अपस्केल’साठी हा शब्द मराठीत तयारच आहे. उंची कापड, उंची अत्तर, उंची हॉटेल. ‘पॉश’ही चालेल, पण ‘पॉश’मध्ये डोळे दिपण्याची छटा आहे आणि ‘उंची’त दर्जाची. ‘डाइन केलं’ मात्र काढून टाका. मराठीत माणसं जेवतात, मग ते खानावळीत असो की साठाव्या मजल्यावर. ‘आम्ही एका उंची निक्केई हॉटेलात जेवलो’ हे वाक्य पुरेसं आहे. पुढच्याच वाक्यात ‘निक्केई म्हणजे पेरूत स्थायिक झालेल्या जपान्यांच्या स्वयंपाकाची पद्धत’ असा खुलासा करा. ‘पेरूत’ हा शब्द गाळू नका. ब्राझीलमध्ये तर पेरूपेक्षाही मोठा निक्केई समाज आहे आणि त्यांचा स्वयंपाक निराळा.

‘पेरूव्हियन’चं काय? हे इंग्रजी विशेषण आहे. खुद्द तिथे स्पॅनिशमध्ये ‘पेरुआनो’ म्हणतात. मराठीत षष्ठी असताना विशेषण उसनं घ्यायची गरज नाही: पेरूची मिरची, पेरूचे आचारी. अडचण एकच, आणि ती फक्त आपल्या भाषेत आहे: पेरूची कोशिंबीर म्हटलं की कोणती? फळाच्या पेरूचा या देशाच्या नावाशी संबंध नाही. नासपतीला पोर्तुगीजमध्ये ‘पेरा’ म्हणतात, त्यावरून फळाचं नाव आलं असं मानतात, आणि कोकणीत ते अजून ‘पेर’च आहे. घोटाळा होईल असं वाटलं तिथे ‘पेरू देशातली’ लिहावं, किंवा ‘लिमाची’ म्हणावं.

लेखनाबद्दल थोडं. ‘निकेई’, ‘निक्की’ लिहू नका. जपानी उच्चारात ‘क’चं द्वित्त आहे, ‘पक्का’मध्ये आहे तसंच, आणि देवनागरीत ते नेमकं दाखवता येतं. तेव्हा निक्केई. मेनूकार्डावरचं ‘अजी’ मात्र फसवतं, कारण स्पेलिंग स्पॅनिश आहे आणि आपण ते इंग्रजीसारखं वाचतो. पेरूच्या मिरचीला ‘अही’ म्हणतात, त्यातला ‘ह’ घशातून येणारा. पिवळी मिरची ती ‘अही अमारीयो’. जपानीत मात्र ‘अजि’ असाच उच्चार असलेला शब्द आहे आणि त्याचा अर्थ चव. एकाच मेनूवर दोन्ही येऊ शकतात, तेव्हा संदर्भ पाहून लिहावं. सेविचेच्या आंबट रसाला ‘लेचे दे तिग्रे’ म्हणतात, शब्दशः वाघाचं दूध. हे भाषांतर जरूर द्या, पण मराठीत वाघिणीचं दूध म्हटलं की शिक्षणाबद्दलचं वचन आठवतं, म्हणून मूळ नावही सोबत असू द्या.

लिंगाचं विचारलेलं नाही, पण लिहिताना अडेलच. सुशी ‘ती’ झालीच आहे. सेविचे एकारान्त म्हणून ‘ते’, तिरादितो ‘तो’. काउसा स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी आहे, पण मराठी कानाला आकारान्त नाम पुल्लिंगी वाटतं, म्हणून ‘तो काउसा’ लिहायला मी कचरणार नाही. काउसा म्हणजे लिंबू आणि पिवळी मिरची घालून मळलेल्या बटाट्याचे थर, मध्ये मासा किंवा कोंबडी. निक्केई हॉटेलांत भाताऐवजी याच बटाट्यावर माशाचा काप ठेवून निगिरीसारखाही वाढतात. बटाटा मूळचा पेरूकडच्याच डोंगराळ मुलखातला, पण तिथे त्याला क्वेचुआ भाषेतला ‘पापा’ हा शब्द आहे. आपला ‘बटाटा’ कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांच्या रताळ्याच्या नावावरून निघाला आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. ‘अही’ हा शब्दही तैनोंचाच. क्वेचुआत मिरचीला ‘उचू’ म्हणतात. तेव्हा लेखात ‘बटाटा’ बिनदिक्कत लिहा, ‘पोटॅटो’ नको.