फिनलंडच्या मिग-२१ विमानाचं मॉडेल करायचंय? मग आधी एवढंच बघा

निवड झकास आहे, बिनधास्त करा! फक्त किट उघडण्याआधी डिकल शीट (विमानावर चिकटवायच्या खुणा आणि नंबरांचा कागद) कुठल्या मिगची आहे ते तपासा. फिनलंडने मिग-२१ चे एफ-१३ आणि बिस, हे दोन्ही प्रकार वापरले. नाकाचा शंकू आणि पाठीचा फुगवटा दोन्हींत वेगळा. नवखे सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. एकच विमान, एकच नंबर ठरवा आणि त्याचाच फोटो समोर ठेवा.

डिकल लावताना:
- आधी ग्लॉस कोट (चकचकीत पारदर्शक थर) द्या, पूर्ण वाळू द्या. मॅट रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि फिनलंडच्या खुणेच्या निळ्या-पांढऱ्या गोलाभोवती चंदेरी डाग उमटतात.
- शीटवर सगळ्या खुणांवरून एकच सलग पारदर्शक फिल्म असेल तर प्रत्येक खूण कडेलगत कापा.
- नको असलेलं एखादं डिकल भंगार तुकड्यावर लावून बघा.

वेदरिंग, म्हणजे विमान वापरून जुनं झाल्यासारखं दाखवणं, पुढच्या मॉडेलला.