मटेरियल इंजिनिअर कारखान्यात नेमके काय करतो?

मेटलर्जीला (धातुशास्त्राला) प्रवेश घ्यायचा विचार करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे, की मटेरियल इंजिनिअरचे काम नेमके काय असते आणि त्याला दिवसभर प्रयोगशाळेतच बसावे लागते का. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांच्या सुट्या भागांच्या कामात माझी बावीस वर्षे गेली, तेव्हा तेवढ्यापुरते खात्रीने लिहितो.

कोणत्या भागाला कोणते पोलाद आणि कोणती हीट ट्रीटमेंट (तापवून-थंड करून गुणधर्म बदलण्याची प्रक्रिया) हे ठरवणे, आलेल्या मालाचा हीट नंबर (पोलाद ज्या ओतणीतून आले तिचा क्रमांक) टेस्ट सर्टिफिकेटशी ताडून पाहणे, स्पेक्ट्रोमीटरवर रासायनिक घटक, मग हार्डनेस (कडकपणा) आणि मायक्रोस्ट्रक्चर (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी आतली रचना) तपासणे, हे रोजचे काम. ते वर्षभरात अंगवळणी पडते. जबाबदारीचे ओझे जाणवते ते एखादा भाग तुटून टेबलावर येतो तेव्हा.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे झिंक प्लेटिंग केलेले (विजेने जस्ताचा थर चढवलेले) 12.9 ग्रेडचे, म्हणजे अतिशय कडक पोलादाचे, ॲलन बोल्ट, आवळल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, गाडी जागची हललेलीही नसताना, डोक्याखालून तुटू लागले. रासायनिक घटक बरोबर होते, हार्डनेस मर्यादेत होता, आणि टॉर्क (आवळण्याचा जोर) जास्त दिला असेल असे म्हणून जो तो मोकळा होत होता. तुटलेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा पोलादाचे कण खडीसाखरेच्या खड्यांसारखे सुटे आणि धारदार दिसले. भेग कणांना चिरत न जाता त्यांच्या सीमांवरून गेली होती. अशा बोल्टमध्ये ही खूण दिसली की पहिला संशय हायड्रोजनवर जातो. ॲसिडच्या टाकीत आणि प्लेटिंगच्या वेळी तो पोलादात शिरतो, आणि इतक्या कडक पोलादावर ताण आला की काही तासांनी, कधी काही दिवसांनी, त्याला आतून फोडतो. म्हणूनच प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत माल भट्टीत घालून 200 अंश सेल्सिअसच्या आसपास कित्येक तास बेकिंग करण्याचा दंडक आहे.

पुरवठादाराच्या सर्टिफिकेटवर बेकिंग केल्याची नोंद होती. मी प्लेटिंग शॉपमध्ये जाऊन भट्टीच्या रेकॉर्डरचा चार्ट मागितला. संध्याकाळी प्लेटिंग झालेला तो लॉट दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीत गेला होता.

आता पुन्हा बेकिंग करून माल वापरू, असा आग्रह उत्पादन विभागाने धरला. त्यांची अडचण खरी होती, कारण लाइन उभी होती. पण उशिरा बेकिंग करून हायड्रोजन निघाला तरी एव्हाना पडलेल्या सूक्ष्म भेगा सांधल्या जात नाहीत, आणि हार्डनेस मोजून त्या सापडतही नाहीत. मी संपूर्ण लॉट भंगारात काढायला लावला, बसवलेले बोल्टही उतरवून घेतले आणि त्या कागदावर माझी सही केली. पुढे ड्रॉइंगमध्येच बदल करून आम्ही झिंक फ्लेक (जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा) लेप घेतला. त्यात भाग ॲसिडऐवजी शॉट ब्लास्टिंगने (बारीक गोळ्यांच्या माऱ्याने) साफ करतात आणि लेप विजेशिवाय चढतो, त्यामुळे हायड्रोजन शिरायला वावच राहत नाही.

तेव्हा प्रयोगशाळेत बसावे लागते, पण उत्तर पुष्कळदा भट्टीपाशी किंवा ॲसिडच्या टाकीपाशी मिळते, आणि तिथे स्वतः जावे लागते. इंटर्नशिपला गेलात तर एक पथ्य पहिल्या दिवसापासून पाळा: तुटलेल्या भागाचे दोन तुकडे एकमेकांना जुळवून पाहू नका आणि त्या पृष्ठभागावरून बोट फिरवू नका. दोन तुकडे घासले गेले की खुणा पुसल्या जातात, आणि तो भाग का तुटला हे मग कोणालाच सांगता येत नाही.