फाफेकडे परत जायचंय? मग असं कर

लहानपणीची पुस्तकं पुन्हा वाचायची म्हणतोस, तर पहिल्याच दिवशी अख्खा संच विकत घेऊ नकोस. एकच घे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ऊर्फ फाफे घे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश. त्याची सायकल आणि तोंडाने काढलेलं ते ‘ट्टॉक्’ डोक्यात कुठेतरी असतंच. २०१७च्या सिनेमावरून मात्र अंदाज बांधू नकोस. पुस्तकातला फाफे शाळकरी, काडीपैलवान पोरगा आहे आणि त्यातच सगळी मजा आहे.

पहिली वीस-पंचवीस पानं थोडी परकी वाटतील. तार, ट्रंककॉल, रिकामे रस्ते. थांबू नकोस, मोठ्याने वाच. भागवतांची भाषा कानाने वाचायची आहे. मी भाचीला वाचून दाखवायला बसलो आणि तिसऱ्या पानावर माझाच आवाज नऊ वर्षांच्या मुलासारखा धावायला लागला.

फाफेच्या गोष्टी सुट्या आहेत, मिळेल त्या क्रमाने वाचल्या तरी चालतं. हॅरी पॉटरचं तसं नाही. तिथे सातही भाग ओळीनेच हवेत. म्हणून एक छोटी वही ठेव. मालिकेचं नाव, वाचलेले भाग, कुठे थांबलो, एवढंच. नाहीतर तोच भाग दोनदा विकत घेतला जातो.

जुनी प्रत घेताना शेवटची पानं आधी बघ. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून हौसेने आणलेल्या एका पुस्तकात माझा चोर अजून पकडला गेलेला नाही.