चॅटबॉट बनवून देण्याचे पहिले काम कसे घ्यावे आणि त्याचे पैसे कसे ठरवावेत?

आपण विचारले आहे की, अभियांत्रिकीचे शिक्षण झाले आहे, पायथॉन येते आणि जळगाव सोडायचे नाही. तर इथल्या व्यापाऱ्यांना चॅटबॉट बनवून देण्याचा धंदा चालेल का, आणि पहिल्या कामाचे किती मागावेत. धंदा चालतो, धुळ्यात राहून मी गेली काही वर्षे तोच करतो आहे. मात्र कोड लिहायला जेवढे दिवस लागतात त्याच्या दुप्पट दिवस उत्तरे गोळा करण्यात जातात, कारण ती कोठेही लिहिलेली नसतात. निम्मी मालकाच्या डोक्यात आणि निम्मी गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाच्या तोंडी असतात. पैसे मागताना हे दिवस धरायला नवखा माणूस हमखास विसरतो. मीही विसरलो होतो.

चोपडा तालुक्यातील एका कृषी सेवा केंद्राचे काम घेतले तेव्हा घरी बसून मी ‘आमच्याविषयी’, ‘आमची उत्पादने’ असा छान मेनू आखला होता. नंतर ऐन मे महिन्यात चार दिवस दुकानात वही घेऊन बसलो, तेव्हा त्यातले एकही कोणी विचारताना दिसले नाही. लोक विचारत होते ते कापसाचे बियाणे आले का, ठिबकमधून सोडायचे विद्राव्य खत शिल्लक आहे का, आणि माझी उधारी किती झाली. शिवाय ‘केयीना भाव काय शे?’ असा संदेश आला की माझा बॉट गप्प बसे, कारण अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो आणि मी शोधत होतो ‘केळी’ हा शब्द. भाषेचे मोठे प्रारूप (एलएलएम, म्हणजे चॅटजीपीटीसारखी स्वतः वाक्ये रचणारी प्रणाली) जोडल्यावर यातले बरेच सुटले, तरी दुकानाच्या जुन्या संदेशांतून अहिराणी शब्दांची यादी मला हातानेच करावी लागली.

त्या प्रारूपानेच पुढे मला अडचणीत आणले. केळीवरच्या करप्याला काय फवारावे, असे एका शेतकऱ्याने विचारले आणि बॉटने पंपाला किती औषध घालायचे ते ठासून सांगितले; दुकानाने दिलेल्या एकाही कागदावर ती मात्रा नव्हती. मालकांचा मुलगा संदेश चाळत होता म्हणून फवारणीआधी फोन गेला. तेव्हापासून औषधाची मात्रा, भाव आणि उधारी या तीन गोष्टी मी प्रारूपाच्या तोंडी देत नाही. भाव मालकाने भरलेला, तोही तारखेसह दाखवायचा. उधारी खातेवहीतून, नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकालाच सांगायची. आणि मात्रेचा प्रश्न आला की बोलणे थेट माणसाकडे वळवायचे.

बॉट व्हॉट्सअॅपवर चालवायचा, म्हणून त्याचे नियम मालकाला पहिल्या भेटीतच समजावून सांगावेत. ग्राहकाचा शेवटचा संदेश आल्यापासून 24 तासांपर्यंत मोकळेपणाने उत्तर देता येते. त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला साचेबंद संदेशच पाठवता येतो, आणि जुलै 2025 पासून अशा संदेशांचे शुल्क प्रत्येक संदेशामागे आकारले जाते. उत्तराखाली तीनच बटणे बसतात, एका बटणावर 20 अक्षरे मावतात, आणि मराठीत काना, मात्रा, अनुस्वारही वेगळे मोजले जात असल्यामुळे ‘दुकानमालकांशी प्रत्यक्ष बोला’ हे बसत नाही; ‘मालकांशी बोला’ बसते. नुसते दाखवण्यापुरते काही हवे असेल तर टेलिग्रामवर बॉटफादरकडून (नवे बॉट नोंदवून देणारा टेलिग्रामचाच बॉट) विनाशुल्क टोकन, म्हणजे बॉट चालवण्याची किल्ली, घेऊन एका संध्याकाळी नमुना उभा करता येतो. पण आपला शेतकरी व्हॉट्सअॅपवर आहे, त्यामुळे तो नमुना मालकाला पटवण्यापुरताच.

पैशांचे म्हणाल तर मी तीन रकमा वेगळ्या लिहून देतो. बांधणीची रक्कम, म्हणजे दुकानात बसण्याचे दिवस धरून एकूण दिवस गुणिले आपला रोजचा दर, आणि त्यातले निम्मे आगाऊ. दुसरी देखभालीची मासिक रक्कम, कारण हंगाम बदलला की प्रश्न बदलतात आणि जूनची उत्तरे ऑक्टोबरात शिळी होतात. तिसरा संदेशांचा आणि प्रारूपाच्या वापराचा खर्च, जो मालकाच्याच नावाच्या खात्यातून, त्याच्याच कार्डावरून जावा. एका कामात हे खाते मी माझ्या नावावर ठेवले होते. दिवाळीच्या शुभेच्छा सगळ्या यादीला पाठवून ग्राहक मोकळा झाला आणि बिल माझ्याकडे आले. खाते मालकाच्या नावावर असले की आपण काम सोडले तरी त्याचा क्रमांक अडकत नाही, आणि ही गोष्ट व्यापाऱ्याला कोणत्याही सादरीकरणापेक्षा लवकर पटते.

पहिले गिऱ्हाईक नात्यातले घेऊ नका, आगाऊ रक्कम मागताना जीभ अडखळते. ज्या दुकानात दिवसभर फोन वाजतो आणि तेच चार प्रश्न येतात, तिथे आधी वही घेऊन बसा. चार दिवसांत प्रश्न पुन्हा पुन्हा येत नसतील, तर त्या दुकानाला बॉटची गरज नाही, हे मालकाला तसेच सांगून टाका.